धीर देणारे श्वान : शिक्षण कुत्र्याचे आणि माणसाचेही

तळेगावहून चाकणकडे जाताना इंद्रायणीच्या काठी इंदुरी हे गाव लागते. सेनापती खंडेराव दाभाडे यांची अठराव्या शतकातील गढी आणि तिच्या आतील कडजाई देवीचे मंदिर ही या गावाची जुनी ओळख. अलीकडच्या काळात या परिसराला आणखी एक ओळख मिळाली आहे. इंदुरीपासून जवळच, संताजी जगनाडे महाराजांची समाधी असलेल्या सुदुंबरे येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या (एनडीआरएफ) पाचव्या बटालियनचा तळ आहे. माळीण (२०१४) आणि इर्शाळवाडी (२०२३) येथे दरड कोसळल्यानंतर चिखलात उतरलेल्या जवानांमुळे हे दल मराठी वाचकांना चांगलेच परिचयाचे झाले. ढिगाऱ्याखाली दबलेल्या माणसाचा वास घेऊन त्याची जागा दाखवणारे श्वान हा या दलाचा महत्त्वाचा भाग आहे.

१५ जून २०२५ रोजी आपत्ती थेट इंदुरीच्याच दारात आली. गावाजवळच्या कुंडमळा येथील इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीत कोसळला. चार जणांचा मृत्यू झाला, तर पन्नासहून अधिक जखमी झाले. नदीत पडलेल्यांना बाहेर काढण्यासाठी बचाव पथके लगोलग पोहोचली. अशा प्रसंगी माणसाला पाण्यातून वा मातीतून बाहेर काढले, की बचावकार्य संपते. त्यानंतर रुग्णालयाच्या खाटेवर डोळे उघडे ठेवून पडलेले मूल किंवा शवागाराबाहेर ताटकळत बसलेले नातेवाईक यांच्यासाठी मात्र आपल्याकडे फारशी व्यवस्था नसते. काही देशांत या टप्प्यावर दुसऱ्या प्रकारचे श्वान बोलावले जातात. ते काहीही शोधत नाहीत. ते फक्त शेजारी बसतात. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर मृत व बेपत्ता लोकांच्या कुटुंबीयांसाठी उघडलेल्या मदत केंद्रात असे श्वान नेण्यात आले होते. अमेरिकेतील न्यूटाउन येथे २०१२ मध्ये शाळेत झालेल्या गोळीबारानंतरही ते मुलांच्या सोबतीला होते.

'शेजारी बसणे' हे काम ऐकायला अगदी सोपे वाटते. प्रत्यक्षात त्यासाठी शंभरातील फार थोडी कुत्री योग्य ठरतात. जी ठरतात त्यांचे शिक्षण शोधश्वानाच्या शिक्षणाहून जवळजवळ उलट्या दिशेने चालते. शोधश्वानाला माणूस सापडला की भुंकायचे असते. त्याच्यात अखंड धडपड हवी, खेळण्यासाठी वेडा होणारा स्वभाव हवा. धीर देणाऱ्या श्वानाने भुंकायचे नसते, उडी मारायची नसते आणि स्वतःहून फारसे काही करायचेही नसते.

तीन वेगळी कामे

या विषयात शब्दांचा गोंधळ फार आहे. अंध व्यक्तीला रस्ता दाखवणारा किंवा अपंग व्यक्तीला वस्तू उचलून देणारा कुत्रा हा सेवाश्वान होय. तो एकाच माणसासाठी काम करतो आणि कामावर असताना इतरांनी त्याला हात लावू नये, असा संकेत आहे. थेरपी श्वान म्हणजे उपचारांना साहाय्य करणारा कुत्रा. तो मालकाच्या घरी राहतो आणि ठरलेल्या वेळी मालकाबरोबर रुग्णालय, वृद्धाश्रम वा विशेष मुलांच्या शाळेत जातो. तेथे परक्यांनी त्याला हात लावणे हेच त्याचे काम असते. तिसरा प्रकार फॅसिलिटी डॉगचा. त्याला संस्थाश्वान म्हणता येईल. हा एखाद्या रुग्णालयात, न्यायालयाच्या साक्षीदार कक्षात किंवा समुपदेशन केंद्रात रोज कामावर येतो आणि तेथील प्रशिक्षित कर्मचाऱ्याबरोबर काम करून संध्याकाळी त्याच्याच घरी जातो. थेरपी श्वान हा पाहुणा, तर संस्थाश्वान हा नोकरदार, असे ढोबळमानाने म्हणता येते.

आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. कुत्र्याला वॉर्डात फिरवून रुग्णांची करमणूक करणे ही भेट झाली. मानसोपचारतज्ज्ञ वा व्यवसायोपचारतज्ज्ञाने उद्दिष्ट ठरवून, प्रगतीची नोंद ठेवून घेतलेले सत्र हा उपचार झाला. अर्धांगवायूनंतर हात उचलू न शकणाऱ्या रुग्णाने रोज थोडे अधिक वर जाऊन कुत्र्याच्या पाठीवरून ब्रश फिरवणे, बोलायला न धजणाऱ्या मुलाने कुत्र्याला 'बस' म्हणणे, ही अशा सत्रांची उदाहरणे. आपल्याकडे दोन्हींना सरसकट 'डॉग थेरपी' म्हटले जाते आणि गैरसमज तेथूनच सुरू होतात.

थट्टेतून सुरुवात

आजारी माणसाजवळ छोटा पाळीव प्राणी असावा, असे फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्येच परिचर्येवरील पुस्तकात नोंदवून ठेवले होते. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या जंगलात १९४४ मध्ये सापडलेली 'स्मोकी' ही इवलीशी यॉर्कशायर टेरियर कुत्री बिल विन या अमेरिकी सैनिकाकडे आली आणि पुढे जखमी सैनिकांच्या वॉर्डात फिरू लागली. या विषयाचा शास्त्रीय विचार मात्र बोरिस लेव्हिन्सन या अमेरिकी बालमानसशास्त्रज्ञामुळे सुरू झाला. कुणाशीही न बोलणारा एक मुलगा लेव्हिन्सन यांच्या 'जिंगल्स' या कुत्र्याजवळ मोकळा झाला, हे त्यांच्या लक्षात आले. हा अनुभव त्यांनी १९६१ मध्ये मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेत मांडला, तेव्हा 'फीमधला किती वाटा कुत्र्याला देता?' अशी त्यांची थट्टा झाल्याचे सांगितले जाते. पुढच्या दोन दशकांत चित्र पालटले. अमेरिकेत एलेन स्मिथ या परिचारिकेने १९७६ मध्ये 'थेरपी डॉग्ज इंटरनॅशनल' ही संस्था काढली. १९७७ मध्ये 'डेल्टा सोसायटी' (आजची 'पेट पार्टनर्स') आणि १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये 'पेट्स ॲज थेरपी' सुरू झाली.

आशियात जिल रॉबिन्सन यांनी १९९१ मध्ये हाँगकाँग येथे सुरू केलेला 'डॉक्टर डॉग' हा उपक्रम पुढे चेन्नईपर्यंत आला. महाराष्ट्रात या कामाचा पाया घातला तो मीनल कविश्वर यांनी. मानसशास्त्राच्या अभ्यासक असलेल्या कविश्वर यांनी २००५ मध्ये 'अॅनिमल एंजल्स फाउंडेशन' ही संस्था स्थापन केली. मुंबई आणि पुण्यात या संस्थेने स्वमग्न मुले, विशेष मुलांच्या शाळा, रुग्णालये अशा ठिकाणी श्वानांच्या साहाय्याने सत्रे घेतली. संस्थेचा भर मानसशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांवर राहिला, ही बाब आवर्जून नोंदवण्याजोगी आहे. कुत्रा आवडणारा स्वयंसेवक आणि उपचार जाणणारी व्यक्ती यांतील अंतर या संस्थेने आरंभापासून जपले. मुंबईच्या विमानतळावर २०२३ मध्ये प्रवाशांचा ताण हलका करण्यासाठी श्वान आणले गेले, तेव्हा हा विषय सर्वसामान्यांपर्यंत पोहोचला. अर्थात विमानतळावरचा उपक्रम हा भेटीचा प्रकार आहे, उपचाराचा नव्हे.

निवड : निम्मे काम येथेच

'माझा लॅब्रॅडोर फार प्रेमळ आहे, त्याला थेरपी डॉग करता येईल का?' हा प्रश्न शहरातल्या श्वानप्रशिक्षकांना हटकून विचारला जातो. प्रेमळ असणे ही पहिली अट खरी. पण घरच्यांवर प्रेम करणारा कुत्रा परक्या माणसावर करेलच असे नाही. परक्याने अंगावर वाकून मिठी मारली तर तो काय करतो, मागून कुणाचा धक्का लागला तर किती वेळात सावरतो, स्टीलचे ताट खणखणत पडले तर दचकून पळतो की मान वळवून पाहतो, यावर निवड ठरते. दचकणे हा दोष मानला जात नाही. दचकल्यावर काही क्षणांत पूर्ववत होणे, ही खरी कसोटी.

लॅब्रॅडोर आणि गोल्डन रिट्रिव्हर या जाती या कामात अधिक दिसतात, कारण माणसाबरोबर काम करण्यासाठीच त्यांची पैदास पिढ्यान्पिढ्या झाली. मात्र जात ही हमी नव्हे. आपल्या गावठी कुत्र्यांतही उत्तम स्वभावाची कुत्री निघतात. फक्त पिल्लूपणीचे दिवस कसे गेले, हे पाहावे लागते. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या मनाची घडण ठरवतो. या काळात माणसे, आवाज, जमिनीचे प्रकार, म्हातारे, मुले, काठ्या, छत्र्या हे सारे त्याने निर्धास्तपणे पाहिले असेल, तर पुढे ते त्याला परके वाटत नाही. दगड खाऊन वाढलेल्या पिल्लाला प्रेमळ घर मिळाले तर ते सुखी होईल, पण गजबजलेल्या वॉर्डात त्याला नेणे हा त्याच्यावर अन्याय ठरू शकतो.

वयाची अटही असते. 'पेट पार्टनर्स'च्या नियमांनुसार कुत्रा किमान एक वर्षाचा आणि सहा महिने त्या मालकाच्या घरात राहिलेला असावा लागतो. गोंडस पिल्लाला वृद्धाश्रमात नेऊन छायाचित्रे काढण्याची हौस पुष्कळांना असते. पिल्लाचे दात आणि नखे वृद्धांच्या पातळ त्वचेला काय करतील, याचा विचार कमी होतो.

शिकवायचे काय?

पायाभूत शिक्षण सर्व पाळीव कुत्र्यांचेच असते : बस, झोप, थांब, ये, पट्टा न ओढता शेजारून चाल. अमेरिकन केनेल क्लबने १९८९ मध्ये सुरू केलेली 'सुजाण श्वान' ही दहा कसोट्यांची परीक्षा अनेक देशांत पहिली पायरी मानली जाते. परक्याने केलेला नमस्कार शांतपणे स्वीकारणे, गर्दीतून चालणे, दुसऱ्या कुत्र्याला पाहून न उसळणे, मालक नजरेआड झाला तरी तीन मिनिटे न घाबरता राहणे, हे त्यात तपासले जाते.

यानंतरचे शिक्षण रुग्णालयाचे. व्हीलचेअर, कुबड्या, सलाइनचा स्टँड, लिफ्टचा दरवाजा, गुळगुळीत फरशी या प्रत्येक गोष्टीची आधी ओळख करून द्यावी लागते. व्हीलचेअर प्रथम नुसती उभी, तिच्याभोवती खाऊ. मग रिकामी फिरणारी, मग माणूस बसलेली, मग थेट अंगाजवळून जाणारी. घाई केली तर आठवड्याचे काम एका मिनिटात वाया जाते. 'सोड' ही आज्ञा येथे जिवाची आज्ञा आहे, कारण रुग्णालयाच्या जमिनीवर गोळी पडलेली असू शकते, बोळा पडलेला असू शकतो. मांडीवर हनुवटी टेकवून स्थिर राहणे, खाटेच्या कडेला अंग लावून उभे राहणे, हातातील खाऊ ओठांनी अलगद घेणे हे नंतर येते. परीक्षेत मुद्दाम कुणी तरी वेडावाकडा हात फिरवते, कुणी मोठ्याने भांडल्याचा आव आणते, तीन-चार माणसे एकदम कुत्र्याभोवती जमतात.

शिकवण्याची पद्धत हा वादाचा विषय राहिलेला नाही. निदान या कामापुरता तरी. गळफासाची साखळी, विजेचा पट्टा, मार यांना येथे मज्जाव आहे. त्याचे कारण दयेपुरते नाही, ते सुरक्षिततेचेही आहे. गुरगुरणे ही कुत्र्याने दिलेली पूर्वसूचना असते. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा गुरगुरायचे सोडतो. अस्वस्थ व्हायचे सोडत नाही. असा कुत्रा पुढे सूचना न देता थेट चावतो. वरकरणी अत्यंत आज्ञाधारक दिसणारा कुत्रा म्हणूनच कधीकधी सर्वांत धोक्याचा असतो.

दुसरा विद्यार्थी : हँडलर

परीक्षा एकट्या कुत्र्याची होत नाही, जोडीची होते. कुत्रा उत्तीर्ण आणि मालक अनुत्तीर्ण, असेही घडते. हँडलरने शिकायचे मुख्य शास्त्र म्हणजे कुत्र्याची देहबोली. झोप आलेली नसताना जांभई देणे, खाऊ समोर नसताना ओठ चाटणे, मान वळवणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, अंग कोरडे असूनही झाडणे, धाप लागणे ही ताणाची लक्षणे आहेत. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश, हा समज बाळबोध आहे. अशी लक्षणे दिसताच रुग्ण कितीही आनंदात असला, तरी सत्र थांबवणे हे हँडलरचे कर्तव्य ठरते. समोर हसणारे मूल, मोबाइलवर चित्रण करणारे पालक, 'अजून पाच मिनिटे' म्हणणाऱ्या सिस्टर, अशा वेळी 'आता पुरे' म्हणणे सोपे नसते. पट्ट्याच्या एका टोकाला असलेल्या जिवाला बोलता येत नाही. त्याच्या वतीने दुसऱ्या टोकाने नकार द्यायचा असतो. 'पेट पार्टनर्स'ने दिवसाला दोन तासांची कमाल मर्यादा घातली आहे. अनेक कुत्री त्याच्या निम्म्या वेळातच थकतात.

नकाराचा अधिकार रुग्णालाही आहे. आपल्या शहरांत भटक्या कुत्र्याने पाठलाग केल्याचा अनुभव नाही असा माणूस विरळाच. दत्तगुरूंच्या तसबिरीतील चार श्वानांना भक्तिभावाने हात जोडणारे आजोबा वॉर्डातला कुत्रा पाहून पाय वर घेतात, यात विसंगती काहीच नाही. म्हणून कुत्रा दाराशी थांबतो आणि आधी परवानगी विचारली जाते. ॲलर्जी, श्रद्धा, भीती यांपैकी कोणतेही कारण पुरेसे असते. किंबहुना कारण विचारण्याचीही गरज नसते.

नोकरीवरचा श्वान

संस्थाश्वानाचे शिक्षण अधिक दीर्घ असते. अमेरिकेतील 'कनाइन कम्पॅनियन्स' ही १९७५ मध्ये स्थापन झालेली संस्था पिल्लांना स्वयंसेवकांच्या घरी साधारण दीड वर्षाचे होईपर्यंत वाढवते, नंतर काही महिने व्यावसायिक प्रशिक्षण देते आणि मग संस्थेकडे सोपवते. मधल्या टप्प्यांवर बरीच कुत्री गळतात. जपानमध्ये शिझुओका येथील बालरुग्णालयात २०१० मध्ये 'बेली' हा गोल्डन रिट्रिव्हर रुजू झाला. तो त्या देशातील रुग्णालयातला पहिला पूर्णवेळ संस्थाश्वान. त्याची हँडलर परिचारिका होती. शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत मुलासोबत चालत जाणे, हे अशा श्वानांच्या नेहमीच्या कामांपैकी एक.

न्यायालयातील उपयोग आपल्याकडे अजून फारसा चर्चेत नाही. अमेरिकेतील सिएटल येथे २००३ मध्ये एलेन ओनील-स्टीफन्स या सरकारी वकील महिलेने आपल्या मुलाचा सेवाश्वान 'जीटर' याला कार्यालयात आणण्यास सुरुवात केली. अत्याचाराची हकीकत सांगताना गप्प होणारी मुले त्याच्याजवळ बसून बोलू लागली, आणि त्यातून न्यायालयीन श्वानांची प्रथा पुढे पसरली. साक्षीच्या वेळी कुत्रा पायाशी निजून राहतो. त्याने साक्षीदाराला उत्तेजन देता कामा नये आणि त्याच्याकडे कुणाचे लक्षही जाता कामा नये.

भारतात 'पॉक्सो' कायद्याच्या (२०१२) कलम ३३ नुसार बालकाच्या विश्वासातील व्यक्ती न्यायालयात त्याच्यासोबत राहू शकते. 'स्मृती तुकाराम बडदे विरुद्ध महाराष्ट्र शासन' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये असुरक्षित साक्षीदारांच्या जबाबासाठी स्वतंत्र केंद्रे उभारण्याबाबत देशभरातील उच्च न्यायालयांना निर्देश दिले. अशा साक्षीदाराला खेळणे वा बाहुली जवळ बाळगण्याची मुभा देणारे नियम दिल्ली उच्च न्यायालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहेत. बाहुलीची मुभा जेथे आहे, तेथे प्रशिक्षित श्वानाचा विचार होणे अशक्य कोटीतील नाही.

उपयोग होतो का?

होतो, पण जाहिरातींत सांगतात तितका सिद्ध झालेला नाही. कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढते, असे जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले. मात्र हे निरीक्षण आपल्या माणसाबाबतचे आहे, वॉर्डातील परक्याबाबतचे नव्हे. चिंता, वेदनेची जाणीव, एकटेपणा यांत अल्पकाळ उतार पडल्याचे अनेक लहान अभ्यास सांगतात. अमेरिकेतील पाच रुग्णालयांत कर्करोगग्रस्त मुलांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात, श्वान भेटलेली आणि न भेटलेली अशा दोन्ही गटांतील मुलांची चिंता काळानुसार कमी झाली. ठळक फरक दिसला तो पालकांच्या ताणात. हा निष्कर्ष कुणाला निराशाजनक वाटेल. आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढलेल्यांना तो तसा वाटणार नाही.

आरोग्य आणि नियम

जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के मृत्यू भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यामुळे येथे लसीकरणाच्या नोंदीत एका दिवसाचीही ढिलाई चालत नाही. रेबीजबरोबरच लेप्टोस्पायरोसिसची लस, नियमित जंतनाशक आणि मावळासारख्या पावसाळी भागात गोचिडांवर सततची नजर आवश्यक ठरते. भेटीपूर्वी आंघोळ, कापलेली नखे, खाटेवर वेगळी चादर, स्पर्शाआधी व नंतर रुग्णाने हात धुणे हे नेहमीचे नियम. कच्चे मांस खाणाऱ्या कुत्र्यांना अनेक संस्था प्रवेश देत नाहीत, कारण त्यांच्या विष्ठेतून व लाळेतून साल्मोनेलासारखे जंतू रुग्णांपर्यंत पोहोचू शकतात. अतिदक्षता विभाग व उघड्या जखमांचे रुग्ण यांबाबत संसर्ग नियंत्रण समितीचा शब्द अखेरचा मानला जातो.

भारतात थेरपी श्वानांसाठी वेगळा कायदा नाही आणि सरकारी प्रमाणपत्रही नाही. बाजारात मिळणारे लाल जॅकेट कुणीही कुत्र्याला चढवू शकतो, आठवड्याभराच्या वर्गाचे प्रमाणपत्रही भिंतीवर लावू शकतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा कुत्र्याचा छळ रोखतो, पण चुकीच्या कुत्र्याला वॉर्डात जाण्यापासून रोखत नाही. तोवर जबाबदारी रुग्णालये, शाळा आणि वृद्धाश्रमांवर येते. श्वान पथक बोलावण्यापूर्वी त्यांनी लसीकरणाची नोंद, स्वभावचाचणी कुणी व कधी घेतली, अपघात झाल्यास विम्याची तरतूद काय, सत्राला मानसोपचारतज्ज्ञ हजर असेल का आणि कुत्रा थकला तर त्याला बाजूला नेण्यासाठी शांत खोली आहे का, एवढे तरी विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर रुग्णालयानेच द्यायचे असते.

अशा श्वानांचे कामाचे आयुष्य साधारण आठ ते दहा वर्षांच्या वयापर्यंत चालते. सांधे दुखू लागले, ऐकू कमी येऊ लागले किंवा गाडीत चढताना तो मागे रेटू लागला, की निवृत्तीची वेळ आली असे समजतात. त्यानंतर तो हँडलरच्या घरीच राहतो आणि त्याला हात लावायला येणाऱ्यांची संख्या घरच्यांपुरती उरते.